डावं मागचं

जूनपासून हे पाचवं.
दर वेळी डावं मागचंच चाक,
दर वेळी दोलोनची खिंड चढायला लागलो की,
आणि दर वेळी गाडी भरलेली.
रिकामी असली तर लेकाची नारीनहून कोचकोरपर्यंत
निमूट जाते, पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी.

पहिल्यांदा रस्त्याला शिव्या घातल्या.
दुसऱ्यांदा मेदेरवर संशय घेतला,
तो स्टँडवर माझ्या आधी नंबर लावतो
आणि चहा एकटाच पितो.
तिसऱ्यांदा बायकोनं आर्चाची फांदी पेटवून
गाडीभोवती धूर फिरवला,
डाव्या मागच्यापाशी जरा जास्तच थांबली.
मी हसलो नाही.
दृष्ट काढताना हसू नये.

चौथ्यांदा नवी ट्यूब घातली. आठशे सोम.
बावीस किलोमीटर टिकली.

जॅक लावत होतो तेव्हा मागच्या सीटवरची म्हातारी
कुरुतचा गोळा या गालातून त्या गालात सरकवत म्हणाली,
"घोडा बरा, बाळा. खुपलं तर सांगतो तरी."
सांगतो?
"लंगडतो ना."

कोचकोरच्या वळणावर मालाच्या जुन्या कंटेनरमध्ये
बुरुलचं दुकान आहे.
ती पंक्चर कुठं झालं हे विचारत नाही.
म्हणाली, किती माणसं बसली होती?
जुनी ट्यूब आण, म्हणाली. आणली.
चार ठिगळं, एकाच जागी, एकावर एक,
जसा एखादा माणूस कचेरीत तोच अर्ज
पुन्हापुन्हा देत राहतो.
दोन्ही ट्यूबा तिनं वॉल्व्हला वॉल्व्ह जुळवून
एकमेकींवर ठेवल्या.
भोकावर भोक बसलं.

"सगळ्यांनी ट्यूबला औषध दिलं," ती म्हणाली.
"टायरच्या आत हात कुणी घातला?"
मी घातला होता.
"कसा?"
मी दाखवला.
"भरभर फिरणाऱ्या हाताला काय कळणार?"

तिनं नायलॉनचा फाटका मोजा हातावर चढवला,
डोळे मिटले,
आणि टायर आतून चाचपू लागली, गाभण मेंढीचं पोट
बाहेरून चाचपतात तितकं सावकाश.
रेडिओवर कुणीतरी बटाट्याचे भाव सांगत होतं.
अर्धं चाक झालं.
मग मोज्याचा धागा अडला.

पकडीत आलं ते नखाएवढंही नव्हतं.
चपटं, एका अंगानं तासलेलं.
रबरात आडवं निजून असायचं,
वजन पडलं की डोकं वर काढायचं.

"नालेचा खिळा," बुरुल म्हणाली. "शेंडा.
घोडा आहे तुझ्याकडे?"

होता.

एप्रिलमध्ये तोरू विकला, अत-बाशीच्या एसेनगुलला.
त्याच पैशात ही गाडी घेतली, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची.
एसेनगुल म्हणाला, नाला नव्या मारून दे, लांब जायचंय.
मारून दिल्या, अंगणातच,
रात्री गाडी जिथं उभी करतो तिथं.
खुरातून खिळा बाहेर आला
की शेंडा पिरगाळून मोडतात
आणि टाकून देतात. सगळेच टाकतात.
मी नोटा मोजत होतो तेव्हा तोरू चारा खात होता,
त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.
म्हटलं, बरं झालं.

बुरुलनं दीडशे सोम घेतले.
शेंडा काडेपेटीत घालून दिला, मागितला नव्हता तरी.

परतताना पाच माणसं, दोन पोती पीठ
आणि कुणाचं तरी शिलाई मशीन होतं.
दोलोन चढलो. वरती उगाच उतरून
डावं मागचं बघून आलो.
मेदेर समोरून आला, त्यानं हॉर्न दिला.
मीही दिला.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता.
गाडी फाटकाबाहेरच ठेवली.
बायको म्हणाली, आत का नाही आणत?
मी म्हटलं, झाडू दे. आणि कंदील.
चार पाय, सहा-सहा खिळे.
एक सापडला.